निनावेकाकांच्या बर्फविषयक सूचना

फेब्रुवारी संपत आलेला. गांधीबागेतल्या दुकानात
निनावेकाका कूलरच्या ताट्यांतला जुना वाळा उपसतात
आणि समोर टीव्हीवर, कुठल्याशा डोंगरात,
एक माणूस उताणा पडून ताशी एकशेतीसनं खाली येतो.

"हा उठून बसत काऊन नाही?"
खेळच तसा आहे, मी म्हणतो. झोपूनच जिंकायचं.
"मंग आमचा हेमराज आतापर्यंत
तीनदा सोनं घेऊन आला असता बाप्पा."
जावई मोटर तपासतोय. ऐकू न आल्यासारखं करतो.

बर्फाचा आमचा अनुभव तसा बेताचा:
रसवंतीतला, भुशात गुंडाळलेला,
लग्नातल्या मठ्ठ्याच्या ड्रमातला,
आणि एकदा मे महिन्यात, थोरला पुण्याहून येईस्तोवर,
आजोबांच्या दोन्ही अंगांना लावलेल्या लाद्या.
पण सल्ला द्यायला अनुभव लागतो
असं गांधीबागेत कुणी मानत नाही.

घसरगाडीत चौघंच बसलेले पाहून
हेमराजलाच राहवलं नाही.
कामठीच्या ऑटोत नऊ बसतात,
दहावा अर्धा ड्रायव्हरच्या मांडीवर.
ऐन वळणावर कुणीतरी "इथंच सोडा" म्हणावं,
पाचशेची नोट काढावी,
सुट्ट्यांवरून बोलाचाली व्हावी, वरती घड्याळ चालूच.
"मंग पाहू कोण पहिलं येते थे."

आणि ते झेंडे! झेंड्यांमधून वळत जाणं!
"झेंडा तं दिसते," काका म्हणाले.
"दिसते त्याले चुकवण्यात कोणतं शौर्य?
आदल्या रात्री खोदून ठेवा, पाइपलाइनसाठी.
बोर्ड नको. मधात एक गाय. बसलेली."

तेवढ्यात बेबीबाई आली, गाळ्यांसमोरचं झाडायला,
आणि खराटा टेकवून उभीच राहिली.
पडद्यावर दोघं जण जीव खाऊन बर्फ झाडत होते.
"कचरा कुठी हाय?"
कचरा नाही, दगड लांब जावा म्हणून झाडतात.
"दगडासाठी." तिनं खराट्यावर हनुवटी ठेवली.
"पगार भेटते?"
मेडल भेटते.
"मंग राहू द्या."
पण जाता जाता तिनंही सुधारणा सुचवली:
एकीनं झाडावं, तिघांनी पानठेल्यावर उभं राहून
कसं झाडायचं ते सांगावं. आमच्याकडं पाहूनच म्हणाली.

उंच उडीवाल्याच्या हाती तर्री-पोह्यांची प्लेट,
ही माझी. काकांना फार पटली.
पांढऱ्या बर्फावर तर्री लपत नाही,
पंचांचा भत्ता वाचतो.

खरी गोष्ट मात्र काका चहानंतर बोलले.
सगळंच इकडं आणा. मे महिना, कस्तुरचंद पार्क,
दुपारी दोन. मग माणूस माणसाशी काय धावेल?
पहिला येईल घसरत, दुसरा पोहत,
तिसऱ्याच्या पायाला चटके.
"अन् कोणी हरला तं त्याले लाज नाही.
रस्ताच गेला म्हणून सांगता येते."

मग ती पोरगी दिसली. देशाचं नाव आम्हांला वाचता येईना.
सगळे केव्हाच पोचले होते, कॅमेऱ्यानं उगाच दाखवली.
दोनदा पडलेली, एक काठी हरवलेली,
तरी येत होती. शेवटचा चढ,
हेमराज पाना धरून उभा,
बेबीबाई परत पायरीवर,

आणि लाइट गेली.

सातही कूलर एकदम गप्प झाले.
पोचली असंन, हेमराज म्हणाला. नसंन, चहावाला म्हणाला.
पन्नासाची पैज लागली. बेबीबाईनं शपथ घातली
की पोचलीच, चढणीवर बाई थांबत नाही.
पाऊण तास. असं भांडण
या गाळ्यात अंतिम सामन्यालाही झालं नव्हतं.
"हे पाहिजे होतं त्यायच्या खेळात," काका म्हणाले,
"लोडशेडिंग."

लाइट आली तेव्हा सिमेंटची जाहिरात चालू होती.

काकांनी नव्या वाळ्यावर बादलीभर पाणी ओतलं,
बटण दाबलं, ओला वास सुटला.
आम्ही तिघं समोर बसलो, शर्टाची बटणं सोडून,
तर त्यांनी कूलरच फिरवला, टीव्हीकडं.
"लय दमली असंन बिचारी."